आयर्लंडला फिरायला गेले आणि सोयरीक जुळवून आले

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा झाली, की आमचं लातूर आडवं पडतं. खानावळी बंद, होस्टेलच्या गाद्या गच्चीवर उन्हात, आणि चौकाचौकांतल्या फलकांवरचे गेल्या वर्षीचे गुणवंत उन्हानं पांढरेफटक पडलेले. मी एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते. त्या दिवसांत मला काहीच काम नसतं आणि घरातल्या सगळ्यांना ते माहीत असतं.

शीतल माझी मैत्रीण, नांदेडची. अकरावी-बारावीला आम्ही दोघी लातुरात एका खोलीत राहिलो. दोघींना डॉक्टर व्हायचं होतं, म्हणजे दोघींच्या घरच्यांना. फलकावर फोटो लागावा इतके मार्क एकीलाही पडले नाहीत. ती इंजिनिअर होऊन पुढच्या शिक्षणाला डब्लिनला गेली आणि मी ज्या विषयानं माझा घात केला तोच विषय दुसऱ्यांच्या लेकरांना शिकवायला लागले. यंदा फेब्रुवारीतच तिचा फोन आला, "दर मे महिन्यात गच्चीवर कुरडयाच वाळवून राहणार का गं? ये इकडं. गाडी भाड्यानं घेऊ, देश लहान हाय, आठवड्यात संपतो."

जाणार असाल तर एक सांगून ठेवते. युरोपच्या सामायिक व्हिसावर आयर्लंडला जाता येत नाही, त्यांचा वेगळा काढावा लागतो. आणि लातूर-नांदेडकरांनी मुंबईचा हट्ट सोडावा. उदगीर-बीदरवरून हैदराबादचं विमानतळ जवळ पडतं आणि तिथल्या टॅक्सीवाल्याशी आपल्या हिंदीत बोलता येतं. मी खमंग शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ आणि येसरचा डबा घेतला. येसर म्हणजे आमच्याकडची भाजलेल्या डाळी-मसाल्यांची पूड. पाण्यात टाकून उकळली की आमटी तयार, आणि खोलीभर वास की शेजारी जागे.

इथवर सगळं ठीक होतं. मग आईनं तिच्या भावाला फोन करून सांगितलं.

माझे मामा शिरूर अनंतपाळला असतात. शेती आहे, बोलणं आहे, आणि पल्लवी नावाची एकुलती एक मुलगी आहे. पल्लवी किनवटच्या जंगलातल्या एका आश्रमशाळेत शिक्षिका. तिला नायगावकडचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा आयर्लंडला. त्याचं नाव बदलून किरण ठेवते, कारण तो बिचारा जिवंत आहे आणि वाचूही शकतो. त्याचे वडील सगळीकडे सांगत होते, "पोरगा मोठ्या हॉस्पिटलला मॅनेजर हाय." मामा या एका वाक्यानं असे भारावले होते, की गल्लीतल्या कुत्र्यालाही आयर्लंड कुठं आहे ते समजलं असेल.

आमच्याकडे सोयरीक करण्याआधी चौकशीला जातात. पुण्याच्या वाचकांसाठी सांगते, हे गुप्तहेराचं काम असतं आणि ते दोन अनुभवी पुरुष करतात. मामांनी ते काम मोकळ्या मनानं माझ्यावर टाकलं, कारण अनुभवी पुरुषांचं तिकीट काढायचं म्हणजे रान विकावं लागलं असतं. फोनवर त्यांनी मला दीक्षा दिली.

"हे बघ माय, न कळवता जायचं. घरच्यास्नी काई विचारायचं न्हाई, ते गोडच बोलतेत. ज्याच्या बांधाला बांध लागून हाय त्याला विचारायचं. बांधाशेजारचा माणूस कधी कुणाची स्तुती करत न्हाई. त्यानं नुसतं 'बरा हाय' म्हणलं तरी समजायचं पोरगा सोनं हाय. पितो का, इचार. घर सोताचं हाय का, इचार. आन् सगळ्यात महत्त्वाचं, त्या घरचं गोड खायचं न्हाई."

"चहा?"

"चहा चालंल. चिवडा चालंल. गोडाचा घास घेतला म्हणजे आपला होकार गेला. मग सोयरीक मोडता येत न्हाई."

पल्लवीचा फोन दुसऱ्या दिवशी आला. मागं उन्हाळी सुट्टीतही होस्टेलला राहिलेल्या मुलींचा कालवा चालला होता. ती म्हणाली, "ताई, सगळे सगळं विचारून राहिलेत. माझा एकच प्रश्न त्याला विचार. मी तिथं येऊन दिवसभर काय करायचं?" मग म्हणाली, "मला ही नोकरी आवडते. हे बाबांना कळत न्हाई, तुला तरी कळंल. तू जे बघशील ते खरं सांग. मी त्याच्यावरच ठरवणार."

म्हणजे मी फिरायला निघाले होते आणि माझ्या सामानात मामेबहिणीचं आयुष्य आलं होतं.

डब्लिनबद्दल माझ्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नका. महाग, गजबजलेलं, नदी आहे, नदीवर पूल आहेत. शीतलच्या खोलीत पलंग उघडला की दार उघडत नाही आणि तेवढ्या जागेचं ती जे भाडं देते त्यात नांदेडला बंगला मिळेल, वर माळीही. गाडी घेताना माझ्या डेबिट कार्डाकडे काउंटरवरच्या पोरानं असं पाहिलं, जसं मी त्याला शिधापत्रिका दाखवली. क्रेडिट कार्ड लागतं आणि ते गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं, हे ध्यानात ठेवा. माझ्या पाकिटात एक निघालं, क्लासवाल्या सरांनी जबरदस्तीनं काढायला लावलेलं. सरांचा पहिल्यांदा उपयोग झाला. गाडी डाव्या बाजूनंच चालवायची असते, त्यामुळे तेवढ्यापुरतं माहेर. शहराबाहेरच्या वळणरस्त्यावर टोल आहे पण नाका नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी आपणच आठवणीनं पैसे ऑनलाइन भरायचे. माणसाच्या प्रामाणिकपणावर चालणारा टोल पाहून मला हसू आलं. आमच्याकडे नाका असून लोक शेतातून गाडी घालतात.

गॉलवेपर्यंतचा मोठा रस्ता म्हणजे झोप येण्याइतका सरळ. दोन्ही बाजूंना हिरवं, हिरव्यात गाई, गाईंवर पाऊस. पेट्रोलपंपावरची बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "माफ करा हं, पाऊस आहे." मी लातूरची आहे. टँकरमागं घागर घेऊन पळालेली आहे. पावसाबद्दल कुणी माझी माफी मागेल असं मला सात जन्मांत वाटलं नव्हतं. मी मोठ्या मनानं म्हटलं, "असू द्या, असू द्या."

गॉलवेला आम्ही एका होस्टेलमध्ये राहिलो. गाव छोटं, रंगीत, प्रत्येक कोपऱ्यावर कुणीतरी वाद्य वाजवतंय आणि पुढं टोपी ठेवलीय. बाहेर जेवायला परवडत नाही. गेलात तर भाजीचं सूप आणि काळसर ब्रेड घ्या, पोट भरतं. बाकी सगळं म्हणजे बटाटा. बटाट्याबरोबर बटाटा आणि तोंडी लावायला बटाटा. आम्ही होस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात येसरची आमटी केली. एक जर्मन पोरगा वासानं खाली आला, चाखली, लाल झाला, दूध प्याला आणि पुन्हा वाटी घेऊन आला. शीतल म्हणाली, "बघ, जावई असा पायजे." मी तिला चौकशीची आठवण करून दिली. ती तोंड वाकडं करून म्हणाली, "तुमच्या शिरूरचं राजकारण इथं पण आणलं तू."

गॉलवेच्या दक्षिणेला बरेन नावाचा प्रदेश लागतो. जगभरातून माणसं तो पाहायला येतात. दगड. मैलोन् मैल नुसता दगड, मधल्या भेगांतून फुलं. आमच्या औसा-निलंग्याकडच्या माळावर असा भाग निघाला असता तर "नशीबच फुटकं" म्हणून आजोबांनी तो धाकट्या भावाच्या वाटणीला टाकला असता. इथं त्याला फलक लावलाय, पार्किंग केलंय, आणि लोक गुडघ्यावर बसून फुलांचे फोटो काढतात. तरी खरं सांगते, मीही बसले. फूल निळं होतं, नखाएवढं, आणि इतकं निळं मी आधी पाहिलं नव्हतं.

मोहरचे कडे पाहायला माणशी तिकीट आहे, ऑनलाइन आणि लवकरचं काढलं तर स्वस्त पडतं. आम्ही काढलं, गेलो आणि धुकं पाहिलं. उत्तम धुकं होतं. खाली समुद्र गर्जत होता, हे तिथल्या माहितीफलकावरून कळलं. शेजारी उभ्या असलेल्या एका अमेरिकन काकूंनी अर्धा तास धुक्याचं चित्रण केलं. पैसे दिले होते ना.

तिथून किरणचं गाव जवळ. नाव देत नाही. रस्ता असा की दोन्हीकडं दगडी बांध आणि रस्त्याच्या मधोमध गवत. पाटी म्हणते ताशी साठ, रस्ता म्हणतो बैलगाडी. समोरून ट्रॅक्टर आला की एकानं मागं जायचं असतं आणि तो एक नेहमी पाहुणाच असतो. ट्रॅक्टरवाला जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट वर करतो. आधी मला वाटलं शिवी आहे, कारण आमच्याकडं रस्त्यात बोट वर झालं की पुढं कॉलर धरली जाते. शीतलनं सांगितलं, तो रामराम आहे. मग मीही सगळ्यांना बोट दाखवत सुटले.

मामांच्या आज्ञेप्रमाणं न कळवता पोचलो. पहिली चौकशी गावच्या एकुलत्या एका पबमध्ये. दुपारची वेळ, आत दोनच म्हातारे आणि गल्ल्यावर एक जाडजूड बाई. आम्ही चहा मागितला, तो मिळाला. शीतलनं किरणचं नाव काढलं आणि तो पितो का असं अगदी गोलगोल विचारलं. बाईंनी ग्लास पुसता पुसता मान हलवली. त्यांचं बोलणं मी आपल्या भाषेत देते, "पोरगा चांगला आहे गं, पण पीत नाही. दर शनिवारी येतो, संत्र्याचा रस घेऊन बसतो. मी काही आशा सोडलेली नाही. सुधारेल हळूहळू."

मी टेबलाखाली मामांना संदेश पाठवला: पीत नाही. मामांकडून लगेच जोडलेल्या हातांची तीन चित्रं आली.

दुसरी चौकशी बांधावर. एक शेतकरी फाटकावर कोपरं टेकून उभा होता आणि आपल्या गाईंकडं टक लावून पाहत होता, म्हणजे काहीच करत नव्हता. मी ओळखलं, हा आपला माणूस. आम्ही काही विचारायच्या आत त्यानंच सुरू केलं. कुठल्या? कुणाच्या? वडील काय करतात? जमीन किती? भाऊ किती? लग्नं झाली का? शीतल उत्तरं देऊन देऊन थकली. मामा इथं असते तर दोघांनी फाटकावर कोपराला कोपर लावून संध्याकाळ केली असती. आमची पाळी आली तेव्हा मी किरणबद्दल विचारलं. तो गाईंकडं पाहत म्हणाला, "माझ्या आईचं शेवटचं वर्ष त्या वृद्धाश्रमात गेलं. ती कुणाला ओळखत नव्हती, मलाही नाही. त्याची मात्र वाट पाहायची. तोच तिला भरवायचा, अंघोळ घालायचा. चांगला मुलगा आहे."

बांधाशेजारच्यानं स्तुती केली होती. मामांच्या शास्त्राप्रमाणं हा विषय इथंच संपायला हवा होता. पण आम्ही दोघी एकमेकींकडं पाहत राहिलो, कारण त्या स्तुतीत मॅनेजर कुठंच नव्हता.

किरण एका म्हाताऱ्या बाईंच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहतो. त्या बाईंना मेरीआजी म्हणूया. दारात दोन मराठी पोरी पाहून तो इतका गोंधळला, की आधी इंग्रजीत नमस्कार बोलला आणि मग वाकला. उंच, सावळा, रात्रपाळी करून डोळे तांबारलेले. मी कोण ते सांगितलं तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "चौकशीला आलात व्हय." नायगावचा पोरगा, त्याला काय समजावून सांगायचं?

मेरीआजींनी आम्हाला थेट स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. चहा आला. चहाबरोबर सफरचंदाचं सारण भरलेला गोड टार्ट आला, नुकताच भट्टीतून काढलेला, वर साय. मी नको म्हटलं. आजी म्हणाल्या, थोडासा. मी पुन्हा नको म्हटलं. आजींनी तो कापला. इथं एक गंमत सांगते, आयरिश माणसं पहिलं 'नको' मोजतच नाहीत. दुसरंही नाही. आग्रहाच्या बाबतीत आपली पंगत यांच्यापुढं पाणी भरेल. किरण आजींच्या मागं उभा राहून दोन्ही हातांनी मला खुणा करत होता, खाऊ नका, खाऊ नका. त्यालाही नियम माहीत होता. आजींना मात्र वाटलं, आम्हाला त्यांच्या हातचं चालत नाही. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

आम्ही तिथल्या तिथं मराठीत पंचायत भरवली. शीतलचं म्हणणं, "घर कुणाचं हाय? आजीचं. सफरचंद कुणाचं? आजीचं. हा तर भाडेकरू हाय. भाडेकरूच्या मालकिणीचं गोड खाल्लं तर कसला होकार?" किरण म्हणाला, "तसं बघितलं तर बरोबर हाय." मलाही युक्तिवाद पटला, पटवून घ्यायची इच्छाही होती, कारण सकाळपासून बटाट्यावर होते. मी खाल्लं. दोन तुकडे. वाचकहो, आयर्लंडला जाऊन काही एकच खायचं असेल तर हे खा.

मग किरण आम्हाला समुद्राकडं घेऊन गेला. धुकं निवळलं होतं. जे कडे तिकीट काढून दिसले नाहीत ते इथून फुकट आणि तिरपे दिसत होते. मी पल्लवीचा प्रश्न विचारला: ती इथं येऊन दिवसभर काय करेल?

त्यानं वाटेतला एक दगड उचलून बांधावर ठेवला. मग म्हणाला, "मलाबी तेच कळत न्हाई, ताई. मी रातपाळी करतो, दिवसा झोपतो. बस कधीमधी येते. माझं पहिलं वर्ष मी मेंढरांशी बोलून काढलं, खोटं न्हाई सांगत. तिला मुलांना शिकवायची नोकरी हाय म्हणतेत. ती सोडून तिनं इथं खिडकीत बसायचं का?"

"मग हे घरी का सांगत नाही?"

"कामाचं सांगितलं होतं. बाबा म्हणले, गावात बोलू नको, म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढतो म्हणून लोक हसतील. मॅनेजर त्यांनीच केलं मला." तो माझ्याकडं वळला. "ताई, तुमच्याकडूनच न्हाई येऊ द्या. माझ्या तोंडून बाबांपुढं निघत न्हाई."

मला त्याची कीव आली आणि संतापही आला. परक्या म्हाताऱ्याला उचलून अंघोळ घालायला ज्याचे हात कचरत नाहीत, त्याची जीभ बापापुढं टाळूला चिकटते. आणि नकाराचं ओझं पुन्हा पोरीच्याच डोक्यावर. मी म्हटलं, "निदान पल्लवीला तू स्वतः फोन कर." तो 'हाव' म्हणाला, म्हणजे हो. तो हाव मला तेव्हाच कच्चा वाटला.

आम्ही गाडीत बसून मुख्य रस्त्याला लागतो न लागतो तोच माझा फोन वाजायला लागला. आई, मामी, मामा, पुन्हा मामा. शीतलनं मेरीआजींच्या स्वयंपाकघरातला फोटो आपल्या स्टेटसला लावला होता. टार्ट, माझा उघडलेला जबडा, आणि मागं हात खाली घ्यायचं विसरलेला किरण, जो आता नाचतोय असं दिसत होतं. होस्टेलच्या काळापासून शीतलचा नंबर माझ्या आईकडं होता. आईनं तो फोटो मामाला पाठवला. मामानं नायगावला पाठवला. नायगावला पेढे वाटून झाले होते.

"मामा, ते घर त्याचं नाही, मालकिणीचं आहे!"

"ज्या चुलीवर पोरगा जेवतो ते त्याचं घर," मामा म्हणाले. सुप्रीम कोर्टानंही इतक्या लवकर निकाल दिला नसता. "तू गोड खाल्लंस, बास झालं. रविवारी सुपारी फोडायला येऊन राहिलेत."

"तो मॅनेजर नाही. वृद्धाश्रमात सेवा करतो. आणि त्यालाही हे लग्न नकोय."

"पोरं असंच म्हणतेत. गोड खाऊन आता मागं फिरायचं? चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

किलार्नीची तळी मी पाहिली, असं फोटोंवरून दिसतं. घोडागाडीत बसले होते, तेही फोटोत आहे. मला आठवतो तो फक्त पल्लवीला केलेला फोन. मी पाहिलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. खोली, रात्रपाळी, शेतकऱ्याची आई, मेंढरं, आणि त्याचं शेवटचं वाक्यही. शेवटी ती म्हणाली, "माणूस चांगला हाय म्हणजे."

"चांगला आहे. भित्रा आहे."

"त्यानं फोन केला न्हाई मला." एवढं बोलून तिनं ठेवला. मला भीती वाटायला लागली, की ती वडिलांच्या तोंडाकडं बघून हो म्हणेल आणि आयुष्यभर त्या खिडकीत बसेल, आणि कारण काय, तर मला सफरचंदाचा मोह आवरला नाही.

लिमरिकमार्गे डब्लिन, तिथून हैदराबाद. मी लातूरला न जाता उदगीरवरून सरळ शिरूर अनंतपाळ गाठलं. रविवारच होता. मामांच्या अंगणात मंडप म्हणता येणार नाही, पण भाड्याच्या खुर्च्या होत्या. नायगावचे पाहुणे फेटे बांधून बसले होते. किरणचे वडील मधोमध, आणि आयर्लंडच्या हवामानावर भाषण चालू. मामी माझ्याकडं बघून कौतुकानं हसली.

पल्लवी चहाचा ट्रे घेऊन येणार अशी सगळ्यांची अपेक्षा होती. ती रिकाम्या हातानं आली आणि उभी राहिली.

"काका, एक विचारू का? तुमचा मुलगा तिथं काय काम करतो?"

"हॉस्पिटल लाइनला हाय. मॅनेजर."

"न्हाई, काका. ते म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालतेत, भरवतेत. लई चांगलं काम हाय. तुम्हाला त्याची लाज का वाटते?"

खुर्च्या करकरल्या. कुणीतरी "पोरीनं मधे बोलायची रीत न्हाई" असं म्हणालं. पल्लवी थांबली नाही. "माझ्या होस्टेलला साठ पोरी हायेत. कुणाला ताप आला तर मीच बसते उशाशी. मला ते सोडून यायचं न्हाई. तुमच्या मुलालाबी हे लग्न नको हाय, फक्त त्यांना बोलता येत न्हाई. म्हणून मी बोलून राहिले. माझं न्हाई हाय."

मामा उठले, बसले, पुन्हा उठले. किरणच्या वडिलांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मग माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "मग हिनं गोड कशाला खाल्लं?" आणि अख्खं अंगण माझ्याकडं वळलं. मुलगी उभ्या जन्माचा निर्णय सांगत होती आणि त्या शहाण्या माणसांना टार्टचा हिशोब लागत नव्हता. मला इतका राग आला की मी म्हटलं, "भूक लागली होती."

पाहुणे न जेवता गेले. स्वयंपाक केलेला होता, तो आम्ही खाल्ला. मामी रडत वाढत होती, आणि पल्लवी सगळ्यांत जास्त जेवली. संध्याकाळी किरणचा मला संदेश आला: त्यांना धन्यवाद सांगा. मी त्याला उत्तर दिलं नाही. धन्यवादाला तरी स्वतःचं तोंड वापरायचं होतं.

आता लातूरला येऊन महिना झाला. क्लास सुरू झालेत, फलकांवर नवे गुणवंत लागलेत. मामा माझ्याशी बोलत नाहीत. बोलायचं असलं की आईला फोन करून "तिला सांग" म्हणतात. पल्लवी किनवटला परत गेली. ती अधूनमधून मुलींनी काढलेल्या चित्रांचे फोटो पाठवते. आयर्लंड कसं होतं असं लोक विचारतात, तेव्हा मी ते निळं फूल सांगते, फाटकावरचा शेतकरी सांगते. जायचं असेल तर मे महिन्यात जा, उजेड जेवण झाल्यावरही उरतो. रेनकोट न्या, छत्री वाऱ्यात टिकत नाही. आणि नातेवाइकांना सांगू नका.

हे लिहून संपत आलं होतं तेव्हा देगलूरहून एक फोन आला. अनोळखी नंबर, भारदस्त आवाज. "आयर्लंडचं एक स्थळ सांगून आलंय आमच्या पोरीला. नायगावचं. तुम्ही सोता बघून आलात म्हणतेत. पोरगा कसा हाय?"

मी बांधाशेजारची झाले होते. जे होतं ते सांगितलं. भाड्याची खोली, म्हाताऱ्यांची सेवा, रात्रपाळी, पीत नाही, बापाला घाबरतो, बायको आणावी अशी त्याची इच्छा नाही.

"ते चालंल ओ," ते म्हणाले. "आयर्लंड हाय ना?"

"मुलीला काय वाटतं?"

"तिला काय वाटायचंय? ती हावच म्हणते."

"तिलाच द्या फोन. तिच्याशी बोलते."

मला वाटलं ठेवतील. मग लांब कुठंतरी भांडी वाजायची थांबली, पावलं आली आणि एक बारीक आवाज म्हणाला, "हां, बोला."

मी आधी तिचं नाव विचारलं. इतक्या बोलण्यात तिच्या बापानं ते एकदाही घेतलं नव्हतं.